वाढणारे दगड

ती केस आठवली की आजही माझा आवाज चढतो. निवृत्तीनंतर रक्तदाबाची गोळी सुरू झाली आहे, त्यामुळे घरात हा विषय निघाला की बायको काहीतरी काम काढून मला उठवते. लिहिताना कोणी उठवणार नाही, म्हणून लिहितो आहे. नावं कोणाचीच देणार नाही. ती माणसं अजून जळगाव-धुळ्यातच राहतात.

तेव्हा मी जळगावला स्थानिक गुन्हे शाखेत पोलीस निरीक्षक होतो. उन्हाळा होता. मेहरूण भागातल्या एका बंगल्यात रविवारी दुपारी जेवणानंतर दोन बायका आजारी पडल्या. एक घरातली म्हातारी आई. दुसरी तिची मुलगी, जी वरणगावहून चार दिवस माहेरपणाला आलेली होती. आधी खोकला, मग थंडी वाजून ताप, छातीत आवळल्यासारखं, तोंडात कडूजहर चव. मुलीला एका दिवसात आराम पडला. आईचा श्वास मात्र लागायला लागला आणि संध्याकाळपर्यंत तिला कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागलं.

घरात आणखी दोन माणसं होती. म्हातारीचा मुलगा, ठिबकच्या नळ्या आणि पाइपचा व्यापारी, वय चाळिशीतलं. आणि त्याची बायको. स्वयंपाक तिने केला होता, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. तिला काहीच झालं नव्हतं.

एवढं पुरलं. नणंदेने दवाखान्यातूनच फिर्याद दिली की वहिनीने जेवणात विष कालवलं. पोलीस ठाण्याच्या पथकाने घराची झडती घेतली, तेव्हा मागच्या बागेतल्या गुलाबांवर मारायच्या औषधाची अर्धी बाटली मिळाली. आमच्या जिल्ह्यात अशी बाटली नसलेलं घर शोधावं लागेल. स्वयंपाकघरात सगळी खरकटी भांडी तशीच पडलेली होती, फक्त एक मोठं पातेलं लख्ख घासून मागच्या ओट्यावर पालथं घातलेलं होतं. पंचनाम्यात लिहिलं गेलं की आरोपीने पुरावा नष्ट केला. त्या वेळी भारतीय दंड संहिताच लागू होती. विष देणं आणि खुनाचा प्रयत्न, म्हणजे कलम ३२८ आणि ३०७ लावून बाईला अटक झाली.

नवऱ्याचा जबाबही घेतलेला होता. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे. ‘मला माझ्या पत्नीविरुद्ध काही बोलायचे नाही, परंतु तिचे व माझ्या आईचे पटत नव्हते.’ तीस वर्षांच्या नोकरीत मी शेकडो जबाब वाचले. इतकं सभ्य आणि इतकं विषारी वाक्य फार थोड्या वेळा वाचलं.

पोलीस अधीक्षकांनी तपास आमच्या शाखेकडे दिला तेव्हा ती बाई पोलीस कोठडीत होती. कागद हातात घेतले त्याच सकाळी दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला.

“साहेब, तुम्ही विष जेवणातून गेलं असं धरून चाललात ना?” त्यांनी विचारलं.

“फिर्याद तशीच आहे.”

“मग ती फिर्याद माझ्या पेशंटशी जुळत नाही. आम्हीही पहिल्या दिवशी फवारणीच्या औषधाचेच उपचार केले, इथे रोज तेच येतात. पण रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला. पोटाचा त्रास जवळजवळ नाहीच. बिघाड सगळा फुप्फुसांत आहे. हे काहीतरी श्वासातून गेलंय. काय ते कळलं तर मला मदत होईल. मी अंधारात इंजेक्शनं देतोय.”

“घरच्यांना विचारलंत?”

“मुलाला तीनदा विचारलं. घरात काही जाळलं का, फवारलं का, कसली पावडर सांडली का. तो म्हणतो, काहीच नाही.”

मी गाडी काढून आधी कोठडी गाठली. ती बाई भिंतीला पाठ लावून बसलेली होती. महिला उपनिरीक्षकांनी तिला बाहेर खोलीत आणून खुर्चीवर बसवलं. पहिले दोन-तीन प्रश्न मी प्रमाण मराठीत विचारले. ती हो-नाहीच्या पुढे जाईना. तिच्या बोलण्याचा हेल माझ्या ओळखीचा होता. ती साक्री तालुक्यातली, आणि माझंही गाव तिथून फार लांब नाही.

“ताई, मी बी तिकडलाच शे,” मी अहिराणीत म्हणालो. “बठ्ठं, सगळं सांगा. घाई नही.”

तिने पहिल्यांदा वर बघितलं. “तुमले सांगीसन काय व्हई? त्या साहेबले पण सांगं. कोणीच आयकं नही.”

“मी आयकस. ते पातेलं कोणी घासं?”

“मी नही घासं. त्यास्नी घासं.”

म्हणजे नवऱ्याने. ही गोष्ट तिने अटकेच्या दिवशीच सांगितली होती आणि कोणी लिहूनही घेतली नव्हती. कारण विचारलं तर पहिल्या तपासी अंमलदाराने मला हसून सांगितलं, “सर, त्या घरातला पुरुष पातेलं घासेल का?” मी त्याला म्हणालो, बाबा रे, ज्या माणसाने जन्मात पाण्याचा पेला विसळला नाही त्याने एके दिवशी पातेलं घासलं, तर ती बातमी झाली. ती तू लिहायला पाहिजे होतीस.

बाईने पुढे जे सांगितलं ते मी मराठीत देतो. जेवण सगळ्यांचं एकच झालं, तीही तेच जेवली. नंतर ती कुरडया वाळत घालायला गच्चीवर गेली आणि उन्हं कलेपर्यंत वरच होती. खाली हॉलमध्ये सासू आणि नणंद एसी लावून, खिडक्या बंद करून आडव्या झाल्या होत्या. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मध्ये दार नाही, कमान आहे. ती खाली आली तेव्हा दोघी खोकत होत्या, घरात कुजलेल्या समुद्रासारखा वास होता आणि नवरा मागच्या ओट्यावर पातेलं घासत होता.

“समुद्राचा वास तुला कसा माहीत?” उपनिरीक्षक बाईंनी विचारलं.

“आमच्या घरात कायम येतो, मॅडम. टाकीचा.”

हॉलच्या मागच्या खोलीत नवऱ्याची माशांची मोठी टाकी होती, खाऱ्या पाण्याची. तिच्यात मासे थोडे आणि दगड जास्त. त्या दगडांपायी घरात एकही गोष्ट वेळेवर होत नव्हती, ती म्हणाली. कुठे लग्नाला जायचं तर आधी दगडांचं पाणी, दगडांचे दिवे, दगडांचं औषध.

“दगडांना औषध कशाला?”

“दगडं वाढतस, साहेब,” ती म्हणाली.

उपनिरीक्षक बाईंनी माझ्याकडे बघितलं. कोठडीत राहून हिचं डोकं फिरलं की काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. पण बाई अगदी शांतपणे सांगत होती. नवरा ते दगड कातरीने तोडतो, तुकडे चिकटवतो, प्रत्येक तुकडा पुन्हा वाढतो. प्रत्येकाचं इंग्रजी नाव त्याला येतं. आणि सासू दवाखान्यात गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पोलीस यायच्या आधी, त्याने सगळे दगड बादल्यांमध्ये भरून गाडीतून कुठेतरी नेले.

आई यंत्रावर, आणि हा माणूस दगड हलवत होता. तिथे मला पहिल्यांदा राग आला.

दुपारी मी त्या बंगल्यावर गेलो. नवऱ्याने दार उघडलं, पाणी दिलं, फार अदबीने वागला. टाकी चालू होती. आत चार-पाच मासे आणि तळाशी पांढरी वाळू.

“नवीनच आहे साहेब. महिनाभरापूर्वी घेतली. शोभेचे मासे, बाकी काही नाही.”

टाकी आडव्या कपाटाएवढी होती. वर निळ्या दिव्यांची पट्टी, बाजूला पाणी गार ठेवायचं यंत्र, खालच्या कप्प्यात चुन्याच्या आणि क्षारांच्या द्रावणांचे कॅन, आणि हाडं कापायला असते तशी एक जाड कातर. चार माशांसाठी कातर कशाला लागते, हे मी विचारलं नाही. माणूस खोटं बोलत असेल तर त्याला बोलू द्यावं. मधे अडवलं की तो सावध होतो.

टाकीच्या मागच्या काचेवर खालच्या कोपऱ्यात एक तपकिरी खरबरीत थर होता, भाकरीएवढा. मी बोट दाखवलं.

“ते काय?”

“शेवाळ आहे. क्षार बसतात साहेब, आपल्या जळगावचं पाणी माहीत आहे ना.”

मी मान डोलावली आणि निघालो. एक शिपाई दाराशी ठेवला, कोणी टाकीला हात लावणार नाही या सूचनेसह.

शहरातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिका माझ्या माहितीच्या होत्या. त्यांचं संशोधन समुद्रकाठचं, नोकरी मात्र जळगावला. त्यांना फोनवर वाढणाऱ्या दगडांचं सांगितलं तर त्यांनी मला मधेच तोडलं.

“दगड नाही साहेब, ते प्रवाळ. जिवंत प्राणी.”

मला पोवळं म्हणजे अंगठीतलं एवढंच माहीत. त्यांनी सांगितलं, अंगठीतलं वेगळं. हे समुद्रात भिंती बांधणारे प्रवाळ. हजारो बारीक प्राणी एकमेकांना चिकटून राहतात आणि पाण्यातला चुना घेऊन अंगाखाली सांगाडा बांधत जातात. तोच सांगाडा आपल्याला दगड वाटतो. आणि असे सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. घरात एक तुकडा ठेवला तरी गुन्हा.

“म्हणजे किती शिक्षा?” मी विचारलं, खरं तर मला पाठ असायला हवं होतं.

“सात वर्षांपर्यंत. आता तुम्हीच सांगा, त्याने बादल्या का भरल्या.”

दुसऱ्या दिवशी दोन पंच आणि प्राध्यापिकांना घेऊन मी पुन्हा बंगल्यावर गेलो. नवरा हजर होता. त्याने तेच पुन्हा सांगितलं, शेवाळ, क्षार, महिनाभर. प्राध्यापिका बाईंनी त्याच्याशी वाद घातला नाही. खोलीचे पडदे ओढून घ्यायला सांगितले, साधा दिवा बंद केला आणि टाकीवरचे निळे दिवे लावले.

काचेच्या कोपऱ्यातला तो मळकट थर हिरवागार पेटला. मी माझ्या नोकरीत खूप पुरावे पाहिले, रक्ताचे, हत्यारांचे, जळालेले. स्वतःहून असा उजळणारा पुरावा तेवढाच.

“शेवाळ असं चमकत नाही,” बाई म्हणाल्या.

मग त्यांनी हातमोजे घालून पात्याने थराची एक कड खरवडली आणि ती खपली भिंगाखाली धरून मलाही बघायला लावली. खपलीवर बारीक बारीक वाट्या होत्या, एकीला लागून एक, आणि प्रत्येक वाटीच्या आत कडेपासून मध्याकडे जाणारे नाजूक पडदे, चाकाच्या आऱ्यांसारखे.

“हे बघा. रंगावर जाऊ नका. दिवा बदलला की याचा रंग बदलतो, त्याच्यावरून ओळखणारा फसतो. ओळखायची ती या वाट्यांवरून. मऊ प्रवाळ असता तर पात्याने सगळा निघून आला असता आणि काच स्वच्छ झाली असती. याच्या खाली हाड आहे. नेमकी जात कोणती ते प्रयोगशाळा सांगेल, पण हा कठीण प्रवाळ आहे हे मी कोर्टात सांगेन.”

“आणि महिनाभरात एवढा वाढतो?”

त्यांनी त्या माणसाकडे बघितलं. “तुम्हीच सांगा साहेबांना. तुम्हाला माहीत आहे.”

तो ओढलेल्या पडद्याची कड सरळ करायला लागला.

“एखादा तुकडा काचेला टेकलेला असणार, तिथून हा पसरत गेला,” बाई म्हणाल्या. “एवढा थर चढायला वर्षाच्या वर जातं. तेही कोणी रोज पाण्याची निगा राखली तर. ही टाकी फार प्रेमाने सांभाळलेली आहे.”

सगळे दगड त्याने उचलून नेले होते. हा एक काचेला धरून वाढलेला होता, तो त्याला सोडवता आला नव्हता.

निघताना बाईंनी मला बाजूला घेतलं. फुप्फुसांचा त्रास, तोंडाची कडू चव आणि घासलेलं पातेलं हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, “कठीण प्रवाळाने माणूस आजारी पडत नाही. पण त्यांच्याच दगडावर कधी कधी दुसरे मऊ प्राणी उगवतात, शर्टाच्या बटणांसारखे दिसतात. ते पसरले की प्रवाळाला मारतात. त्यातल्या काहींमध्ये भयंकर विष असतं. ते काढून टाकण्यासाठी कोणी असा दगड उकळत्या पाण्यात घातला, तर वाफेबरोबर विष हवेत जातं. टाक्या सांभाळणाऱ्या लोकांमध्ये हे सगळ्यांना माहीत असतं. हा माणूस नवशिका नाही.”

मी तिथूनच डॉक्टरांना फोन करून प्राध्यापिकांशी जोडून दिलं. दोघं बराच वेळ बोलले. या विषावर उतारा नाही, पण निदान चुकीची औषधं थांबली आणि फुप्फुसांवर नेमके उपचार सुरू झाले.

नवऱ्याला शाखेत बोलावलं. आता तो प्रवाळ होते हे मान्य करत होता. समुद्रातून तोडून आणणाऱ्या माणसांकडून घेतले, हेही म्हणाला. पण घाबरून ते मेहरूणच्या तलावात फेकले, आणि उकळण्याचं वगैरे त्याला काही माहीत नाही.

“तलावात कुठे?”

“अंधार होता, आठवत नाही.”

बायको सांगत होती सकाळ, हा सांगत होता अंधार. त्याच्या मोबाइलचं लोकेशन काढलं तर त्या सकाळी फोन तलावाकडे फिरकलाही नव्हता. एरंडोल, पारोळा करत तो धुळ्याला गेला होता. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, हे नवीन शिपायालाही माहीत असतं. मला वस्तू हवी होती.

धुळ्यात देवपूर भागात त्याचा एक मित्र राहत होता, मोबाइलच्या दुकानाचा मालक, त्यालाही हाच नाद. आम्ही त्याच्या घरी पोचलो तेव्हा तो दुकानात निघालेला होता. आधी म्हणाला, मी त्या माणसाला ओळखत नाही. मग मागच्या खोलीतून पंपांचा आवाज आला. मी नुसता बघत राहिलो. त्याने मुकाट्याने दार उघडलं.

खोलीत मोठी टाकी आणि निळा उजेड. फांद्यांसारखे, मेंदूच्या घड्यांसारखे, पानांसारखे प्रवाळ ओळीने लावलेले होते. खोटं सांगणार नाही, मी क्षणभर सगळं विसरून बघत राहिलो. कोपऱ्यात एका प्लास्टिकच्या टबात पाण्याविना एक दगड वेगळा ठेवलेला होता, अर्धा पांढरा पडलेला. माझा हवालदार बाह्या सरसावून तो उचलायला वाकला.

“अहो, हात नका लावू!” मित्र ओरडला. “हातमोजे घाला आधी! विषारी आहे तो!”

हवालदार जागच्या जागी थांबला. मी मित्राकडे वळलो.

“तुला कोणी सांगितलं?”

“त्यानेच. दगड देतानाच म्हणाला, याला उघड्या हाताने शिवू नकोस. यावरची बटणं मी पातेल्यात उकळून मारली, तर घरात आई आणि बहीण आजारी पडल्या. मला काही झालं नाही म्हणाला, कारण मी मास्क आणि चष्मा लावून गॅसवर ठेवलं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.”

मी त्याला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं, पंचांसमोर. नंतर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढेही त्याचा जबाब नोंदवून घेतला.

परतीच्या रस्त्याला लागलो. मी हिशेब लावत होतो. त्याला धोका माहीत होता, म्हणून त्याने स्वतःच्या तोंडाला मास्क बांधला. कमानीपलीकडे आई आणि बहीण आडव्या झालेल्या होत्या, त्यांना उठवलं नाही. कारण उठवलं असतं तर बहिणीने विचारलं असतं की काय उकळतोयस, आणि तिच्या तोंडात काही राहत नाही. मग आई पडली. डॉक्टरांनी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा नाही म्हणाला. मित्राला मात्र न विचारता सांगितलं, कारण मित्रच आजारी पडला असता तर दगडांची देखभाल कोणी केली असती? आणि त्यानंतर बायकोला पोलिसांनी नेलं, तेव्हा हा दारात उभा होता.

शाखेत आल्यावर मी त्याला समोर बसवलं. त्या वेळी मी त्याला ‘तुम्ही’ म्हणू शकलो नाही.

“आईला काय झालंय हे तुला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं.”

त्याने खाली बघतच होकारार्थी मान हलवली.

“डॉक्टरांना का नाही सांगितलं?”

“सात वर्षं शिक्षा आहे साहेब. सगळं बाहेर आलं असतं. धंदा, नाव…”

“आणि बायको?”

तेव्हा त्याने मान वर केली. माझी समजूत काढावी अशा आवाजात म्हणाला, “तिचं काय साहेब, तिने काही केलंच नव्हतं. तिच्याविरुद्ध सिद्ध काय होणार? आज ना उद्या ती सुटलीच असती.”

मी खुर्चीवरून उठलो आणि बाहेर गेलो. आयुष्यात मी कोठडीतल्या माणसावर हात उचलला नाही आणि त्या दिवशीही उचलायचा नव्हता. व्हरांड्यात उभा राहून पाणी प्यायलो. आतून तो हवालदाराला विचारत होता, धुळ्याच्या टाकीतलं पाणी किती अंशांवर आहे बघायला सांगा, जास्त तापलं तर मरतील ते.

त्याच्यावर विषारी पदार्थाबाबत निष्काळजीपणा, जिवाला धोका होईल अशी गंभीर दुखापत, पुरावा नाहीसा करणे अशी कलमं लागली, आणि वन विभागाने वन्यजीव कायद्याखाली वेगळा गुन्हा नोंदवला. बाईविरुद्ध पुरावा नाही, तिला सोडावं, असा कलम १६९ चा अहवाल मी स्वतः नेऊन कोर्टात दिला.

पुढच्या आठवड्यात म्हातारीचं यंत्र निघालं. बोलण्याइतकं बळ आल्यावर डॉक्टरांच्या परवानगीने मी तिचा जबाब घ्यायला गेलो. मुलगी उशाशी बसलेली होती. फिर्याद तिचीच. एव्हाना सगळं तिला कळलेलं होतं, पण वहिनीकडे जाऊन ती एक शब्द बोललेली नव्हती.

“अक्का, त्या दुपारी काय बघितलं तुम्ही?” मी विचारलं.

मुलगी मधेच बोलली. “आई, तुला ग्लानी होती ना? तुला काय आठवणार? साहेब, तिला त्रास नका देऊ. शेवटी तो आपलाच माणूस आहे, आई.”

म्हातारीने हाताने तिला थांबवलं. एकेका वाक्यानंतर तिला दम घ्यावा लागत होता.

“लिखा साहेब. गॅसपाशी मन्हा पोऱ्या व्हता. तोंडले बांधेल व्हतं त्यानं. सून वर गच्चीवर व्हती.” थोडं थांबून तिने मुलीकडे बघितलं. “तो आपला माणूस, आन ती कोण शे मंग?”

मुलगी उठून बाहेर गेली. मी जबाब वाचून दाखवला, म्हातारीचा अंगठा घेतला.

जप्त केलेले प्रवाळ वन विभागाने प्राध्यापिकांच्या महाविद्यालयात ठेवायला दिले. त्यांनी खूप खटपट केली. पण जळगावच्या उन्हाळ्यात वीज गेली की पाणी तापायचं, आणि एकेक करत ते पांढरे पडत गेले. समुद्रात कोण जाणे किती वर्षं वाढलेले. कोणीतरी पहारीने तोडले, कोणीतरी बादलीतून खानदेशात आणले, आणि सरकारी मुद्देमाल म्हणून मेले. आता चुन्याचे ते पांढरे सांगाडे पाकिटांत सीलबंद आहेत. खटला अजून चालू आहे. आरोपी जामिनावर आहे. मध्यंतरी कोणीतरी सांगितलं, त्याने नवीन टाकी घेतली, या वेळी गोड्या पाण्याची.

सुटल्यावर बाई सासरी गेली नाही. धुळ्याला भावाकडे राहून ती शिवणकाम करू लागली. एकदा तारखेला आली तेव्हा कोर्टाच्या आवारात मला भेटली. हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र होतं, अटकेच्या वेळचं. पहिल्या पानावर तिचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव, तालुका, सगळं. ठाण्यातून कोणीतरी पत्रकारांना बोलावून दिलेली बातमी. तिने विचारलं, “साहेब, पेपरमा मन्हं नाव छापं. आते ते खोटं व्हतं असं छापतीन का?”

मी त्याच दिवशी संपादकांकडे गेलो. कोर्टाचा आदेश टेबलावर ठेवला. ते म्हणाले, बघतो. दोन दिवसांनी आतल्या पानावर, ‘शेतजमीन विकणे आहे’ या जाहिरातीखाली, चार ओळी आल्या: ‘मेहरूण विषबाधा प्रकरणातील संबंधित महिलेची मुक्तता.’

बाईचा फोन आला. ती रडत नव्हती, चिडलेली होती, आणि मला ते बरं वाटलं.

“साहेब, नाव टाकं नही त्यास्नी. संबंधित महिला कोण शे, गावले कसं कयी?”

मी पुन्हा संपादकांकडे गेलो. या वेळी खुर्चीत बसलो नाही. नाव छापून येईपर्यंत मी तीन वेळा गेलो. ज्या दिवशी ते पहिल्या पानावर आलं त्या दिवशी त्या अंकाच्या प्रती घेऊन मी हवालदाराला साक्री तालुक्यात तिच्या गावी पाठवलं. त्याने त्या चावडीवर, दुधाच्या डेअरीत आणि शाळेत वाटल्या.

नोकरीत सुरुवातीपासून आम्हाला एकच विचारायला शिकवतात: केलं कोणी? या केसनंतर मी त्याला दुसरा प्रश्न जोडला, आणि निवृत्त होईपर्यंत प्रत्येक तपासात तो विचारला. हे माहीत कोणाला होतं, आणि तो गप्प का बसला? हात उचलणारा माणूस पुष्कळदा रागात असतो, नशेत असतो. गप्प बसणारा शुद्धीत असतो. तो पाहुण्यांना पाणी देतो, अदबीने बोलतो, आणि दुसऱ्याचं आयुष्य जळताना बघत आपल्या टाकीचं तापमान मोजतो. कायद्यात त्याच्यासाठी फारशी कलमं नाहीत. म्हणून पोलिसाने त्याला शोधायचं सोडू नये.